आठवड्याचं रीडिंग

एकतीस वर्षं मी लोकांचे मीटर वाचले.
सावदा, चिनावल, खिरोदा.
कुत्री मला सायकलच्या घंटीवरून ओळखायची,
माणसं मात्र दर महिन्याला नव्यानं विचारायची, "कोण?"
आता निवृत्त. पण डोळ्याची खोड जात नाही.
शनिवारी ऊन उतरलं की ओट्यावर पाणी मारतो,
खुर्ची टाकतो,
आणि आठवड्याचं रीडिंग घेतो.

तर स्टँडसमोरची ती तापमानाची पाटी.
लाल आकडे, दोन नारळ, एक फीत, चार भाषणं.
सेहेचाळीस दाखवलं तिनं. सत्तेचाळीस दाखवलं.
सोमवारी भर तीन वाजता आकडेच गेले,
इंग्रजी दोन अक्षरं उमटली: एच, आय.
मला ठाऊक आहे, मोजमाप संपलं
की यंत्र असं हात वर करतं.
पण सलूनवाला लोटन वस्तरा थांबवून म्हणाला,
"पाहा भो, शेवटी बोलली बिचारी!"
तेव्हापासून पेपर देऊन येणारी पोरं
जाता-येता तिला "हाय" करून राहिली.

पेपरात होतं, कुठल्याशा दूरच्या ग्रहावर
पाणी असण्याची दाट शक्यता.
मी मोठ्यानं वाचलं.
बायको आतून म्हणाली,
"कितव्या दिवशी येतं?"

तिकडे कुठल्याशा समुद्रात
दोन देश एकमेकांवर डोळे वटारून बसले,
आणि इकडे यशवंत फिरकेची झोप उडाली.
त्याच्या केळीचा कंटेनर बंदरात उभा.
हिरवी निघालेली केळी
जागच्या जागी पिवळी होऊन राहिली.
यशवंत जन्मात बऱ्हाणपूरपलीकडे गेला नाही,
आता नातवाचा नकाशा मांडीवर घेऊन
"सामुद्रधुनी" म्हणतो, एकदाही न अडखळता.
बुधवारी म्हणाला, "दोघांना बोलवा इथं, माझ्या मळ्यात.
दुपारी बारा ते तीन बसवतो उन्हात.
तह करूनच उठतील."
मला हा प्रस्ताव विचार करण्याजोगा वाटला.

हां, आणि तो गतिरोधक!
गुरुवारी रात्री नव्हता, सकाळी होता.
पालिका म्हणे आमचा नाही,
बांधकाम खातं म्हणे आमच्या वहीत नाही.
माप ना उतार, नुसता उंटाचा पाठीचा कणा.
निंबा टेलरची स्कूटर त्यावर उडाली,
सहा ब्लाउज तीन घरांच्या अंगणात पडले,
आणि त्यातले पाच (निंबा शपथेवर सांगतो)
बरोबर ज्याच्या-त्याच्या घरी.
दुपारपर्यंत कोणीतरी हळदकुंकू वाहून गेलं.
आता काय कोणाची हिंमत होते तो काढायची!

ड्रोनचं राहिलंच.
भारंब्यांच्या लग्नाचं शूटिंग करता करता
तो वरातीवरून भरकटला
आणि थेट मंदाकिनीबाईंच्या गच्चीवर,
वाळत घातलेल्या बिबड्यांत उतरला.
बाईंनी कावळ्यावर टाकावं तसं
ओलं लुगडं टाकलं त्याच्यावर.
अल्बमवाल्यानं काल सगळ्यांना दाखवलं:
नवरदेव चार सेकंद,
बिबड्या साडेअकरा मिनिटं,
आणि शेवटी बाईंचा चेहरा, जवळून, फार जवळून.
नवरीच्या मावशीला तेवढाच भाग पेनड्राइव्हवर पाहिजे.
म्हणे, जाडी किती ठेवलीय ते नीट दिसतं.

झालं.
मागचं रीडिंग, चालू रीडिंग, फरक.
दर वाढले, लाइट दोनदा गेली,
जगाचं मीटर जरा जोरातच फिरून राहिलं,
आणि आमच्या गल्लीत
हसण्याचा वापर मंजूर भारापेक्षा जास्त.
दंड होऊ शकतो.
पण मी तर निवृत्त आहे, लिहिणार कोण?

रविवारचा रकाना रिकामा सोडतो.
शेरा तोच जुना, पेन्सिलीनं: "दार बंद. घरात आवाज."

उठलो. दूध आणायला स्टँडकडून गेलो.
पुन्हा लाइट गेलेली, पाटी काळीठिक्कर.
इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.
ओळखीचं कोणी नव्हतं,
मग मीपण हात केला.